राणीला एवढं दुखत नाही

तिने दोन्ही हात पोटाखाली धरले, मान मागे टाकली आणि राजवाड्याचे खांब हलतील अशी किंकाळी फोडली. समोरच्या पडद्यावर राणी घामाघूम होऊन पलंगाचा कठडा आवळत होती. राणीचं तोंड मिटलं तशी किंकाळीही थांबली. ओठ अगदी चपखल जुळले होते. तरीसुद्धा हेडफोनमध्ये दिग्दर्शकाचा आवाज आलाच.

"सायरनबाई, झकास! पण जरा जास्तच दुखलं."

"म्हणजे?"

"राणी आहे हो ती. राणीला एवढं दुखत नाही. थोडी खानदानी वेदना द्या."

तिने खानदानी वेदना दिली. मग दिग्दर्शकाला त्यात अभिमानही हवा होता, कारण होणारं मूल पुढे सगळं जग जिंकणार होतं. तिने अभिमान घातला. त्याच वेळी तिच्या स्वतःच्या पोटातल्या बाळाने आतून अशी काही लाथ हाणली, की किंकाळीच्या शेपटाला एक खराखुरा 'आई गं' चिकटला.

"तेवढं शेवटचं काढून टाका," दिग्दर्शक म्हणाला, "कृत्रिम वाटतंय."

काचेपलीकडे बसलेल्या ध्वनिमुद्रकाने ते काढून टाकलं. हा ध्वनिमुद्रक म्हणजे तिचा नवरा. त्याला माणसं चेहऱ्याने लक्षात राहत नसत, आवाजाने राहत. लग्न ठरवताना त्याने तिला सांगितलं होतं, "तुझ्या आवाजात खालच्या पट्टीत एक मऊ खरखर आहे," आणि ती लाजली होती. इतकं वैयक्तिक तिच्याशी तोवर कुणी बोललंच नव्हतं. तिच्या सगळ्या किंकाळ्या त्याने संगणकात नावं देऊन ठेवल्या होत्या. 'कड्यावरून'. 'सुरी'. 'जिन्यात भूत'. 'प्रसूती, गरीब'. 'प्रसूती, जुळी'. आजपासून 'प्रसूती, राणी'.

डबिंगच्या त्या अंधाऱ्या खोलीत ती इतक्या वेळा बाळंत झाली होती, की सगळी पोरं एकत्र आणली असती तर एक शाळा भरली असती. त्यामुळे सातवा महिना लागला तरी तिला कुणी गंभीरपणे घेईना. "तुला काय, सवय आहे!" असं स्टुडिओतले म्हणत. इमारतीचा रखवालदार म्हणे. तिची सख्खी आईसुद्धा फोनवर हसून म्हणे. तीही हसायची. हसण्याचे तिचे बरेच प्रकार होते आणि त्यांनाही नावं होती.

दिग्दर्शक चहाला बाहेर पडला. पडदा काळा झाला. माइकसमोरचा छोटा दिवा तेवढा लाल होता. तिने पोटावरून हात फिरवला आणि अगदी हळू म्हणाली,

"मला भीती वाटतेय रे."

काचेपलीकडे नवऱ्याने मान वर केली. अंगठा उंचावला. हेडफोनमध्ये त्याचा आनंदी आवाज आला, "मस्त! हा ठेवू का? राणी खिडकीशी उभी असते ना, तिथे लागेल."

ती थोडा वेळ त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"ठेव," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं, की ती बाळंतपणाच्या तयारीचा क्लास लावणार आहे.

"क्लास? तुला?" नवऱ्याचा घास हातातच राहिला. "म्हणजे माशाने पोहायला शिकायला जायचं?"

"कुठला लावायचा ते बघून ठरवणार. दोन-तीन बघीन."

"मी येणार," सासूबाई म्हणाल्या.

दोघांनीही त्यांच्याकडे बघितलं. सासूबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. जगातल्या कुठल्याही नदीचा उगम त्या झोपेत सांगू शकत. स्वतःच्या मुलाचा मात्र त्यांना माहीत नव्हता.

"याच्या वेळी मला भूल दिली होती," त्या म्हणाल्या. "डोळे मिटले तेव्हा मी एकटी होते. उघडले तर हा शेजारी पडून बोंब मारत होता. मधल्या वेळात काय घडलं ते मला आजतागायत कुणी धड सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, सगळं छान झालं. अरे, छान झालं तर मला उठवायचं ना!"

"आई, आता कळून काय करणार?"

"तुला काय करायचंय? तू जेव."

पहिला क्लास होता एका बंगल्याच्या तळमजल्यावर. गालिचा इतका जाड की पाऊल टाकलं की घोटा दिसेनासा व्हायचा. दिवे मंद, पडदे मंद, शिकवणाऱ्या बाई तर सगळ्यांत मंद. त्या कुजबुजतच बोलायच्या. परीक्षेत पर्यवेक्षक पाठमोरे असताना मुली उत्तरं विचारतात, तशा आवाजात.

"इथे आपण 'वेदना' हा शब्द वापरत नाही," बाई कुजबुजल्या. "आपण म्हणतो, लाट."

सासूबाईंचा हात वर गेला. "भरतीची का ओहोटीची?"

"फक्त... लाट."

"नाही, म्हणजे दोन्हींत फरक असतो."

बाईंनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. बहुधा त्यांच्यावरच एक लाट आली असावी. "लाट आली की आपण प्रतिकार करायचा नाही. आपण स्मित करायचं. सगळ्यांनी करा बघू."

सगळ्यांनी केलं. पोटावर हात ठेवून गालिच्यावर बसलेल्या बायका एकाच वेळी हसल्या. वार्षिक फोटोच्या आधी छायाचित्रकार दटावतो तेव्हा वर्ग हसतो ना, थेट तसा देखावा.

"आणि स्मित आलंच नाही तर?" तिने विचारलं.

"येतं. शरीराला सगळं ठाऊक असतं."

तिच्या शरीराला जे ठाऊक होतं ते एवढंच, की समोरचीचं तोंड उघडलं की ओरडायचं आणि मिटलं की थांबायचं. समोर कुणीच नसेल तर काय करायचं, हे त्या शरीराने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. हे बाईंना कसं सांगावं याचा ती विचार करत होती, तेवढ्यात शेजारून एक संथ, दमदार घोरणं सुरू झालं. कुजबुजत्या खोलीत ते ट्रक चढावर यावा तसं वाजलं.

"आई!" तिने कोपराने ढोसलं.

सासूबाई दचकून जाग्या झाल्या आणि आधी सगळ्यांच्या पोटांकडे बघितलं. "झालं का?"

"काही नाही झालं. चला."

रस्त्यावर आल्यावर सासूबाई खूप हळहळल्या. "परत झोपले गं मी. नेमकं मुद्द्याचं आलं की माझे डोळे मिटतात. एवढे मंद दिवे लावल्यावर माणूस काय करणार?"

दुसऱ्या क्लासला दिवे भरपूर होते. तो एका मोठ्या दवाखान्याच्या सभागृहात होता. ओळीने खुर्च्या, पुढे पडदा, आणि हातात लांब काठी घेतलेले एक तरुण डॉक्टर. सासूबाईंना ते लगेच आवडले. नकाशा दाखवायची काठी हातात असलेल्या माणसावर त्यांचा आपोआप विश्वास बसायचा. त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

डॉक्टरांनी आकृत्या दाखवल्या, बाण दाखवले. मग म्हणाले, "आता एक छोटी फिल्म. परदेशात घेतलेली आहे, पण आवाज आपल्या भाषेत आहे. घाबरू नका. खरं काय ते कळलं की भीती जाते."

ती पुढे सरकून बसली. खरं काय ते कळायलाच तर ती आली होती.

पडद्यावर एक बाई आली. दमलेली, केस कपाळाला चिकटलेले. तिने नर्सचा हात धरला आणि श्वास आत घेतला.

तो श्वास ऐकताच सून ताठ झाली. कारण तो तिचा होता.

पुढची किंकाळी तिला पाठच होती. 'प्रसूती, गरीब'. फार जुनी. त्या दिवशी स्टुडिओत जेवणाचा डबा यायला उशीर झाला होता आणि पोटात कावळे ओरडत होते. कावळ्यांसोबत तीही ओरडली होती. त्या किंकाळीत भुकेशिवाय दुसरं काहीएक नव्हतं.

"हा आवाज लक्षात ठेवा," डॉक्टर काठीने पडद्यावरचं तोंड दाखवत म्हणाले. "असा आवाज निघाला, की समजायचं वेळ जवळ आली."

कुणाचा तरी नवरा पाणी आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. मागच्या रांगेतली एक मुलगी मुसमुसू लागली. आणि तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या, मागे वळल्या आणि वर्गात उत्तर सापडल्यासारख्या ओरडल्या, "अगं, ही तर तू!"

सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"तुम्ही? तुमचं पहिलं कधी झालं?"

"खरंच एवढं होतं का हो?"

"किती वेळ चालतं ते?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"असं कसं? तुम्हीच तर ओरडताय!"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. "म्हणजे, तो आवाज नमुन्यादाखल आहे..."

ती मागे जाऊन त्या रडणाऱ्या मुलीशेजारी बसली. "अहो, रडू नका. ते खोटं आहे. मला नुसती भूक लागली होती."

मुलीने ओले डोळे मोठे केले. "नुसती भूक लागली तर असं? मग खरं कसं असेल?" आणि ती आणखी जोरात रडू लागली.

घरी येताना तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. ही किंकाळी तिला शिकवली होती तिच्या आधीच्या डबिंगवाल्या बाईंनी. त्या बाईंना मूल नव्हतं. त्यांनी ती उचलली होती रेडिओवर नाटकं करणाऱ्या त्यांच्या आधीच्या बाईंकडून. त्यांनी कुठून उचलली, देव जाणे. अख्खं गाव बाळंतपण म्हणून जे ऐकत होतं ती एक नक्कल होती, तिच्या मागे आणखी एक नक्कल, आणि सगळ्यांत मागे बघायला जावं तर कुणीच उभं नव्हतं.

नवऱ्याने ही हकीकत ऐकली आणि तो हसून हसून सोफ्यावरून घसरला. मग डोळे पुसत, एकदम कामाच्या सुरात म्हणाला, "पण ऐकू कशी येत होती? वरच्या पट्टीत फाटत नव्हती ना?"

"नाही. छान येत होती."

"तुझा चेहरा असा का झालाय?"

"पुढच्या क्लासला तू ये," ती म्हणाली. "त्यानंतर मी कुठलाही बघणार नाही. हा जमला तर जमला."

तिसरा क्लास होता एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या डोक्यावर. लाकडी जिना चढून गेलं की एक लांबट खोली, भिंतीला ओल, कोपऱ्यात गुरगुरणारा फ्रिज. चालवणाऱ्या बाई पूर्वी नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. सिस्टरना जगात दोनच गोष्टींचा राग येई: वेड्यावाकड्या काढलेल्या चपला आणि उगाच केलेली गर्दी.

"सोबत एकच," त्या दारातच म्हणाल्या. "हे कोण?"

"नवरा."

"आणि ह्या?"

"मी विद्यार्थिनी," सासूबाई म्हणाल्या.

सिस्टरनी त्यांना पांढऱ्या केसांपासून पायापर्यंत न्याहाळलं. सासूबाईंनी चपला काढून जोडीने, टाचा भिंतीला टेकवून ठेवल्या. सिस्टरचा चेहरा निवळला. "चटई खिडकीशी आहे."

खोलीत आणखी काही जोडपी होती. सिस्टरनी फ्रिजमधून बर्फाचा ट्रे काढला. बर्फ सुटेना. त्यांनी तो खिडकीच्या कठड्यावर दाणकन आपटला, तुकडे जमिनीवर उडाले, ते गोळा करून धुवून प्रत्येकीच्या हातात एकेक ठेवला. सासूबाईंनीही हात पुढे केला होता. त्यांनाही मिळाला.

"मूठ आवळा. वितळेपर्यंत सोडायची नाही. हात दुखेल, झिणझिण्या येतील. येऊ द्या. आवाज आला तर तोही येऊ द्या. सोबत्यांनी नुसतं शेजारी बसायचं, सल्ले द्यायचे नाहीत."

तिने मूठ आवळली. आधी गार, मग गार नाही, मग थेट जाळ. शेजारची कुणीतरी 'हुं हुं' करत होती. पलीकडची नवऱ्याला ठेवणीतल्या शिव्या घालत होती आणि तो बिचारा "हो, हो" म्हणत होता. तिने तोंड उघडलं आणि खिडकीची तावदानं थरथरली.

"राणी," नवरा सवयीने पुटपुटला. "अभिमानवाली."

तिला थांबायचं होतं. पण जाळ तळहातातून मनगटात चढला आणि पाठोपाठ दुसरी निघाली.

"सुरी."

खाली काहीतरी धातूचं खणखणत पडलं. तिने ओठ दाबले, डोळे गच्च मिटले, आणि तरीही तिसरी सुटली. सगळ्यांत लांबलचक, खाली खाली जात राहणारी.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दारात दंतवैद्य उभा होता. मास्क हनुवटीवर, एका हातात हातमोजा, दुसरा हात उघडा.

"सिस्टर! माझा पेशंट पळाला! तोंडात कापूस घेऊन पळाला!"

"तुमच्याकडचे तसेही पळतात," सिस्टर म्हणाल्या.

"आजवर बिल दिल्यानंतर पळायचे!"

नवरा घाईघाईने उठला. "सॉरी डॉक्टर, चूक आमची. ती कड्यावरून पडतानाची आहे, ती जरा लांब जाते. मी नेहमी तिथे आवाज खाली घेतो."

"मग घ्या की खाली!"

नवऱ्याचा उजवा हात खरोखरच बायकोच्या खांद्यापाशी गेला आणि हवेत बटण शोधून परत आला. खोलीत हशा पिकला. तीही हसली, पण हे हसू नाव नसलेलं होतं, आणि ते लवकर संपलं.

दंतवैद्य बडबडत खाली गेला. सिस्टरनी तिच्या हातात नवा तुकडा ठेवला.

"हे बघ बाळ, त्याच्या पेशंटशी मला देणंघेणं नाही. पण जिना सामायिक आहे, आणि रोज त्याचं तोंड बघावं लागतं. तोंड मिटून कर."

तोंड मिटून? तिच्याकडे मिटल्या तोंडाचं काहीच नव्हतं. सगळ्या किंकाळ्या उघड्या तोंडाच्या होत्या. तिने आवळलेल्या मुठीकडे बघितलं, मग समोर. समोर पडदा नव्हता. राणी नव्हती, दमलेली परदेशी बाई नव्हती. भिंत होती आणि भिंतीवर ओलीचा एक मोठा डाग. डागाला ओठ नव्हते.

जाळ पुन्हा मनगटात आला. ती वाट बघत राहिली, आत कुठली निघते याची. कुठलीच निघेना. मग नाकातून, घशाच्या खूप खालून काहीतरी आलं. लहान होतं. गंजलेली बिजागरी फिरता फिरता अडखळावी तसं तुटत तुटत आलं, थांबलं, आणि थांबलं असं वाटत असतानाच पुन्हा आलं. त्याला कुठे संपायचं हे माहीत नव्हतं, कारण कुणाचेच ओठ मिटायचे नव्हते.

नवऱ्याने नाव सांगायला तोंड उघडलं होतं. ते तसंच उघडं राहिलं.

चपलांची रांग सरळ करून परत येणाऱ्या सिस्टर त्याच्याजवळ थबकल्या आणि गमतीने म्हणाल्या, "काय हो, आता ही कोणती?"

त्याने मान एका बाजूला कलती केली, कानावर हेडफोन असताना करायचा तशी. बराच वेळ ऐकलं.

"ही," तो म्हणाला, "ही माझ्याकडे नाही."

सिस्टर पुढच्या जोडप्याकडे गेल्या. तिच्या बोटांच्या फटींतून पाणी गळू लागलं.

"मला भीती वाटतेय रे," ती म्हणाली. आवाज डबिंगच्या खोलीतलाच होता, शब्दही तेच.

त्याचा अंगठा आपोआप वर निघाला. अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. तो त्या अंगठ्याकडे बघत राहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा. मग त्याने हात उलटा केला आणि तिच्या मुठीखाली धरला. पाणी त्याच्या तळहातावर पडू लागलं.

"त्या दिवशी स्टुडिओत..." तो म्हणाला.

"हो."

"मी तो ठेवला."

"माहीत आहे."

"राणीच्या तोंडी बसवलाय. खिडकीपाशी." त्याचा आवाज फाटला, आणि या वेळी त्याने तो दुरुस्त केला नाही. "उद्या जाऊन काढतो."

तळहातातला तुकडा आता शेंगदाण्याएवढा उरला होता.

"असू दे," ती म्हणाली. "राणीलाही वाटत असेल की."

खिडकीपाशी सासूबाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर ओला रुमाल, मूठ आवळलेली, डोळे टक्क उघडे. त्यांच्या मुठीत आता काहीच उरलं नव्हतं, तरी त्यांनी ती सोडली नव्हती. सिस्टर जवळून जाताना त्यांनी वर्गातल्या मुलीसारखा दुसरा हात वर केला.

"मला आणखी एक मिळेल का?"